दाढ काढली, पुढे काय?

खालची दाढ काढल्यावर हमरिया फ्री झोनमधल्या नोकरीच्या धावपळीत ती जागा मी दोन वर्षे तशीच ठेवली. सुटीत पुण्याला बघू, म्हणत राहिलो. तेवढ्यात मागची दाढ रिकाम्या जागेकडे कलली, वरची खाली उतरू लागली.

ब्रिजसाठी शेजारचे दोन्ही दात घासून लहान करतात, त्यांवर कॅप बसवतात व मधला खोटा दात त्यांनाच जोडलेला असतो. घासलेला दात पुन्हा पूर्ववत होत नाही. म्हणून शेजारचे दात निरोगी असतील तर आधी इम्प्लांटबद्दल विचारावे. माझ्या दोन्ही शेजारच्या दाढा पूर्वीच बऱ्याच भरलेल्या होत्या, त्यामुळे ब्रिज पत्करला. माप घेणे व पक्का बसवणे यांत काही दिवस जातात. सुटीच्या पहिल्याच दिवशी दवाखाना गाठावा. खोट्या दाताखाली ब्रश पोचत नाही, तिथे रोज खास दोरा ओवावा लागतो.