किमोच्या डे-केअरमधली प्रश्नावली

सकाळी ८
बाकं भरली आहेत. रक्ताचा रिपोर्ट आल्याशिवाय किमो लावत नाहीत, म्हणून आता पेशंटच्या हातात वेळ आहे. लक्षणांचा फॉर्म भरून घ्यायचा तो याच वेळी. आत डॉक्टरांसमोर बहुतेक जण ‘बरं आहे’ म्हणून उठतात. वेदना, थकवा, मळमळ, भूक, दम, काळजी, प्रत्येकाला शून्य ते दहा असा आकडा. एडमंटनचा हा फॉर्म १९९१पासून वापरात आहे. तो कागदावर घ्यायचा, टॅबवर की मोबाइलच्या लिंकवर, ते आज ठरवायचं आहे.

सकाळी ९
तरुण पेशंट टॅबवर भराभर भरतात. मागच्या खेपेचे आकडे शेजारीच दिसतात, हा मोठा फायदा. कागद केसपेपरला टाचला जातो आणि बऱ्याचदा तिथेच राहतो.

सकाळी ९.३०
एका आजींचा चष्मा घरी राहिला. “द्या, मी भरते,” म्हणत सुनेने फॉर्म घेतला आणि वेदनेपुढे तीन लिहिले. सुनेला औषधांच्या खिडकीवर पाठवून मी आजींजवळ बसले.

“आजी, शून्य म्हणजे अजिबात दुखत नाही, दहा म्हणजे सहनच होत नाही. तुमचं किती?”

“आठ घाल. पण तिला सांगू नकोस गं, पोरांना शेजारी ठेवून आलीये.”

आजी बोलल्या, सगळे बोलत नाहीत. तोंडी विचारलं की माणसं त्रास कमी करून सांगतात. एकट्याने भरताना खरं लिहितात. शिवाय दहा म्हणजे पैकीच्या पैकी असं समजून सगळीकडे दहा लिहिणारेही भेटतात. म्हणून दोन्ही टोकांचा अर्थ आधी समजावायचा, मग बाजूला व्हायचं. नातेवाइकांनाही बाजूला घ्यायचं. मला हे टॅब-कागदाच्या वादापेक्षा महत्त्वाचं वाटतं.

सकाळी ११
सलाइनं सुरू झाली. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमधला अभ्यास मी आमच्या डॉक्टरांना पुन्हा दाखवला. ७६६ पेशंट. २०१७मध्ये आलेल्या निष्कर्षात, स्वतः लक्षणं नोंदवणाऱ्या गटाचं मध्यक आयुष्य ३१.२ महिने, नेहमीच्या पद्धतीच्या गटाचं २६. त्रास वाढल्याची नोंद झाली की नर्सला सूचना जात होती, हा त्यातला कळीचा भाग. ज्यांना कॉम्प्युटरची सवय नव्हती ते फक्त हॉस्पिटलात आल्यावर भरत, आणि जीवनमानातला फायदा त्यांनाच जास्त झाला. वयस्कर माणसाला टॅब जमणार नाही म्हणून तो द्यायचाच नाही, हे मला पटत नाही.

दुपारी २
लिंकची यादी तपासली. कितीतरी नंबर मुलांचे, आणि मुलं दुसऱ्या गावी. त्याहून मोठी काळजी रात्रीची. किमोनंतर ताप ३८ अंशांवर गेला तर सकाळची वाट बघून चालत नाही. फॉर्म पाठवला की पेशंटला वाटतं, कोणीतरी वाचलंय. वाचणारं कोणी नसेल तर तो फॉर्म घातक आहे.

दुपारी ४.३०
बैठकीत ठरलं: हॉस्पिटलात टॅब, सोबत ठळक मराठी अक्षरांतला कागद, ज्याला जे सोपं ते. कागदावरचे आकडे सिस्टर त्याच दिवशी चढवतील. सात किंवा जास्त दिसला की किमो लावण्याआधी डॉक्टरांना सांगायचं. लिंक फक्त स्वतःचा फोन असणाऱ्यांना, आणि तिच्या पहिल्याच ओळीत: ताप असेल तर हे भरू नका, लगेच फोन करा. खाली वॉर्डाचा नंबर, जो रात्रीही उचलला जातो.