जर्मन प्रश्नातलं क्रियापद

इंग्रजी मातृभाषा असलेला माणूस जर्मन शिकू लागला, की प्रश्न विचारताना इंग्रजीतल्या ‘डू’ला जर्मन जोडीदार शोधतो. शब्दकोशात त्याला ‘टून’ सापडतं आणि तो ‘टूट आना टेनिस श्पीलेन?’ असं वाक्य जुळवतो. प्रमाण जर्मनमध्ये असं विचारत नाहीत. ‘श्पील्ट आना टेनिस?’ एवढंच पुरतं; खेळण्याचं क्रियापद थेट पुढे येतं. जर्मन बोलींमध्ये ‘टून’ सहायक म्हणून येतं, हा आक्षेप खरा आहे. पण तिथे ते साध्या विधानांतही येतं, त्यामुळे त्याला प्रश्नाची खूण म्हणता येत नाही. खरं तर वेगळी वाट धरली ती इंग्रजीने. शेक्सपिअरच्या नाटकांत ‘डू’ असलेले आणि नसलेले, दोन्ही तऱ्हांचे प्रश्न आढळतात. ‘डू’ची सक्ती नंतरची. आजही ‘इज’ आणि ‘कॅन’ इंग्रजी प्रश्नात कुणाच्याही मदतीशिवाय कर्त्याच्या आधी जातात. जर्मनमध्ये सगळीच क्रियापदं तशी जातात, हे उमगलं की शिकणाऱ्याचं बरंच ओझं उतरतं.

दुसरा गैरसमज जास्त चिवट आहे, कारण तो अर्धा बरोबर आहे: कर्ता आणि क्रियापद यांची अदलाबदल केली की प्रश्न तयार होतो. ‘आना कॉम्ट हॉयटे’ म्हणजे आना आज येतेय. ‘आज’ आधी आणला तर ‘हॉयटे कॉम्ट आना’ होतं. क्रियापद कर्त्याच्या आधी आलं, तरी हे विधानच आहे. जर्मन विधानात क्रियापदाची जागा दुसरी असते. पहिल्या जागी कर्ता, काळ, स्थळ, काहीही बसतं. तिथे ‘केव्हा’ या अर्थाचा ‘वान’ बसवा: ‘वान कॉम्ट आना?’ क्रियापद जागचं हललेलंच नाही. हो-नाही उत्तराच्या प्रश्नात पहिली जागा मोकळी राहते, म्हणून ‘कॉम्ट आना हॉयटे?’ क्रियापदाने सुरू होतो.

यावर कुणी म्हणेल, जर्मन लोक नुसता सूर चढवून ‘आना कॉम्ट हॉयटे?’ असंही विचारतात. विचारतात, पण ते खातरजमेसाठी किंवा आश्चर्याने. साध्या चौकशीला क्रियापद आधीच लागतं. आणि प्रत्येक प्रश्नाचा सूर चढतो असंही नाही. ‘वान’ने सुरू होणारा साधा प्रश्न बहुधा उतरत्या सुरात संपतो.

हाच प्रश्न दुसऱ्या वाक्याच्या पोटात गेला, की जागा पुन्हा बदलते. ‘आना बर्लिनला केव्हा येतेय, मला माहीत नाही’ हे जर्मनमध्ये ‘इश वाइस निश्ट, वान आना नाख बेर्लिन कॉम्ट’ असं होतं. इंग्रजी वळणाने ‘कॉम्ट’ आनाच्या लगेच मागे ठेवलं तर वाक्य चुकतं. प्रश्नार्थक शब्द तोच, पण वाक्य गौण झालं, म्हणून क्रियापद शेवटी जातं.