आधी पाणी द्या, मग पळा

हिवाळा आला की पुण्याला पळण्याचे वेध लागतात. पुणे आंतरराष्ट्रीय मॅरेथॉन १९८३ साली सुरू झाली, तेव्हा रस्त्यावर पळणे हे खेळाडूंचे काम समजले जाई. आता थंडीच्या महिन्यांत रविवारी पहाटे शहराच्या कुठल्या ना कुठल्या भागात रस्त्याची एक बाजू बंद असते आणि छातीवर नंबर लावलेली साधी नोकरदार माणसे पळत असतात. आमच्या खराडीतही आयटी पार्ककडचे रुंद रस्ते पहाटे मोकळे असल्याने तिथे पळणाऱ्यांची वर्दळ असते. त्या गर्दीत कंपन्यांतले लोक दिसतात, पण त्याच कंपन्यांच्या दारावर उभा राहणारा आपला सुरक्षारक्षक किंवा आत साफसफाई करणारी ताई क्वचितच दिसते. नावनोंदणीलाच काहीशे रुपये, मोठ्या शर्यतीला त्याहून जास्त. “पळायला पैसे कशाला द्यायचे?” हा आमच्या आईचा प्रश्न अजून घरात तसाच पडून आहे.

पण या शर्यतीत शिरायला एक बिनपैशांचे दार आहे. ते म्हणजे स्वयंसेवक होणे. मी हौशी धावणारी, दहा किलोमीटर रमतगमत पुरे करणारी बाई. वर्षातल्या दोन-तीन शर्यतींत मी पळत नाही, पाण्याच्या टेबलामागे उभी राहते. नव्याने पळू इच्छिणाऱ्या प्रत्येकाला मी हेच सांगते: पहिल्या शर्यतीत पळू नका, पाणी द्या. शरीर कुठे साथ देते, कुठे सोडते आणि का, हे सुरुवातीच्या रेषेवर उभे राहून कळत नाही. टेबलामागून कळते.

ज्यांनी ६ डिसेंबरला दादरला किंवा १ जानेवारीला नगर रस्त्यावर पेरणे फाट्याकडे जाणाऱ्यांना पाणी वाटले आहे, त्यांना हे काम नवे वाटणार नाही. फरक एवढाच की इथला माणूस थांबत नाही. पेला अर्धाच भरायचा, नाहीतर पळता पळता पाणी नाकात जाते. पेला वरच्या काठाला बोटांच्या टोकांनी धरायचा, हात लांब करायचा आणि “पाणी, पाणी” असे ओरडत राहायचे. शेजारच्या टेबलावर मीठ-साखरेचे पाणी असेल तर तेही ओरडून सांगायचे, कारण धापा टाकणारा माणूस पाटी वाचत नाही. दहा किलोमीटरहून लांब शर्यतीत साधारण दर ५ किलोमीटरवर अशी सोय असावी असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. रस्त्यावर पडलेले पेले लगेच उचलायचे, पाय घसरतो.

बऱ्याच शर्यतींचा मार्ग जाऊन परत येण्याचा असतो. त्यामुळे एकाच टेबलावरून तीच माणसे दोनदा दिसतात, दुसऱ्या किलोमीटरला आणि मग आठव्या. जाताना बाणासारखी सुटलेली तरुण पोरे येताना कमरेवर हात ठेवून चालत असतात. जाताना गप्पा मारत मागून येणाऱ्या चाळिशी-पन्नाशीच्या बायका येतानाही गप्पाच मारत असतात. यात जादू काही नाही. झेपेल त्याहून जास्त वेगाने निघाले की स्नायूंना लागणारा प्राणवायू श्वासातून पुरेसा मिळत नाही, स्नायूंत साठवलेली साखर भराभर खर्च होते आणि पुढचे अंतर उधारीवर काढावे लागते. सुरुवातीचा वेग कसा ठरवायचा? पळताना एक पूर्ण वाक्य न अडखळता बोलता आले पाहिजे. वाक्य तुटले की वेग कमी करा. घड्याळ, मोबाइल, पट्टा काहीही लागत नाही.

आता पाण्याविषयी. आपल्याकडे समज असा की पाणी जितके प्याल तितके चांगले, आणि टेबलामागे उभे असलेले आपण मायेपोटी मागून हळू येणाऱ्यांना दोन-दोन, तीन-तीन पेले भरवतो. इथेच जपायला हवे. २००२ साली अमेरिकेतल्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये शर्यत संपवलेल्या ४८८ जणांचे रक्त तपासले गेले. त्यातल्या १३ टक्के लोकांच्या रक्तात सोडियमचे, म्हणजे मिठातल्या महत्त्वाच्या घटकाचे, प्रमाण घसरलेले निघाले. काहींचे तर जिवावर बेतावे इतके. शर्यतीत ज्यांचे वजन वाढले, म्हणजे घामापेक्षा जास्त पाणी पोटात गेले, आणि ज्यांना चार तासांहून जास्त वेळ लागला, त्यांना हा धोका अधिक होता. हळू पळणाऱ्याला घाम तुलनेने कमी येतो आणि पाणी प्यायला वेळ भरपूर मिळतो. जास्तीच्या पाण्याने रक्त पातळ होते, मेंदूला सूज येऊ शकते. मळमळ, डोके दुखणे, बोटे फुगून अंगठी घट्ट होणे, मग बरळणे, अशी ही लक्षणे आहेत. अशा माणसाला “पाणी कमी पडले असेल” म्हणून आणखी साधे पाणी पाजणे घातक ठरते. म्हणून तहान लागेल तेव्हा, तहान भागेल इतकेच प्यावे. पाच-दहा किलोमीटरला खास पेयांची गरज नसते. लांब अंतराला किंवा उकाड्यात ओआरएस नाहीतर मीठ-साखर-लिंबाचे घरचे सरबत पुरते.

कोणी पडले तर

स्वयंसेवकांना सकाळी दहा मिनिटे सूचना देतात, त्यात बहुधा पेले आणि कचऱ्याविषयीच असते. पण रस्त्यावर कोणी कोसळले तर पहिला हात तुमचाच पोहोचणार असतो, म्हणून एवढे पाठ असू द्या.

पडलेला माणूस हाक मारून, खांदा हलवून प्रतिसाद देत नसेल आणि नीट श्वास घेत नसेल, किंवा आचके दिल्यासारखा घेत असेल, तर एकाला १०८ ला फोन करायला लावा आणि स्वतः छातीच्या मधोमध दोन्ही तळहात एकावर एक ठेवून दाबायला लागा. जोरात, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० वेळा. दोन दाबांच्या मध्ये छाती पूर्ण वर येऊ द्या. दमलात तर दुसऱ्याने हात लावायचा, थांबायचे नाही. अमेरिकेत २००० ते २०१० या काळातल्या मॅरेथॉन आणि अर्धमॅरेथॉन शर्यतींचा हिशेब मांडला गेला होता. सुमारे १ कोटी ९ लाख धावणाऱ्यांत ५९ जणांचे हृदय बंद पडले, त्यातले ४२ दगावले. म्हणजे ही गोष्ट फार दुर्मीळ आहे, पळायला घाबरण्याचे कारण नाही. पण जे वाचले ते कशामुळे, हे पाहिले तर जवळच्या माणसाने ताबडतोब छाती दाबणे हे एक ठळक कारण निघाले. डॉक्टर येईपर्यंत गर्दी करून तोंडावर पाणी मारत बसण्यात ती मिनिटे जातात.

उष्माघाताची गोष्ट वेगळी. माणूस शुद्धीवर असतो पण भलतेच बोलतो, झोकांड्या खातो, अंग चटका बसावा इतके तापते. घाम येत असला तरी उष्माघात असू शकतो, हे लक्षात ठेवा, कारण “घाम येतोय म्हणजे ठीक आहे” असे म्हणून लोक सोडून देतात. इथे नियम असा: आधी थंड करा, मग हलवा. टेबलाखालच्या बर्फाच्या पाण्याचा टब असेल तर त्यातच मानेपर्यंत बसवा, डोके धरून ठेवा. टब नसेल तर सावलीत घेऊन अंगावर सतत गार पाणी ओता, काखेत, मानेवर, जांघेत बर्फ लावा, वारा घाला. रुग्णवाहिकेची वाट पाहत असताना हे चालूच ठेवायचे. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका, श्वासनलिकेत जाते.

शुगरसाठी इन्सुलिन किंवा गोळ्या घेणारा माणूस थरथरत असेल, गार घामाने भिजला असेल, तर शुद्धीत असताना साखर, ग्लुकोज किंवा गोड सरबत द्या. अशांनी पळताना खिशात चार साखरेच्या गोळ्या ठेवाव्यातच.

नवा व्यायाम आणि आपले शरीर

टेबलामागे उभे राहून गेल्यावर पळावेसे वाटते. ती उमेद चांगली, पण पहिल्याच आठवड्यात ती गुडघ्यात किंवा पोटरीत उतरते. हाडे, सांध्यांचे बंध आणि स्नायूबंध हे दमापेक्षा फार सावकाश तयार होतात. दम महिन्याभरात वाढतो आणि माणसाला वाटते, आता जमते. पायांना मात्र अजून वेळ हवा असतो.

सुरुवातीला मला सगळ्यात उपयोगी पडली ती पळणे-चालणे पद्धत. १९७२ च्या ऑलिंपिकमध्ये धावलेले अमेरिकेचे जेफ गॅलोवे यांनी ती नवशिक्यांसाठी रूढ केली. एक मिनिट पळा, दोन मिनिटे चाला, असे वीस-पंचवीस मिनिटे, आठवड्यातून तीनदा. दम लागण्याआधीच चालायचे, लागल्यावर नाही. दोन-तीन आठवड्यांनी पळण्याचा भाग थोडा वाढवायचा. शर्यतीत चालणे म्हणजे हार, असे पोरांना वाटते. त्यांना माझ्या टेबलावर आठव्या किलोमीटरला उभे करायला हवे.

यात रुळल्यावर वेगाचा खेळ करून पाहता येतो. स्वीडनचे प्रशिक्षक योस्टा होल्मर यांनी १९३० च्या दशकात ही रीत बसवली. तिच्या स्वीडिश नावाचा अर्थच वेगाचा खेळ असा आहे. आयटी पार्कच्या रस्त्यावर मी दिव्याच्या खांबांवरून करते: एका खांबापासून दुसऱ्यापर्यंत जोरात, पुढचे दोन सावकाश. आठवड्यातून एकदा, दहा मिनिटे पुरे. लहान मुलांनाही आवडतो.

चढाचा व्यायाम पायांत ताकद आणतो, पण खराडी सपाट. मुंढव्याकडे जाणाऱ्या पुलाला चढ आहे, मात्र तिथल्या गाड्यांचा वेग पाहता मी तो कोणाला सुचवणार नाही. आपल्या इमारतीचा जिना बरा. वर चढताना जोर, उतरताना कठडा धरून सावकाश. गुडघे दुखणाऱ्यांनी उतरायला लिफ्ट घ्यावी, लाज कसली? शिवाय पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाचा वर-खाली करणे, खुर्चीतून हात न टेकता उठणे-बसणे, हे आठवड्यातून दोनदा. पोटरीचे आणि टाचेचे दुखणे टाळायला याहून स्वस्त औषध मी पाहिलेले नाही. बीपी असलेल्यांनी जोर लावताना श्वास रोखू नये.

आजकाल जिममध्ये “ताबाता” हा शब्द फार चालतो. वीस सेकंद जीव तोडून, दहा सेकंद विश्रांती, असे आठदा. जपानचे इझुमी ताबाता यांनी १९९६ साली प्रसिद्ध केलेला तो प्रयोग तरुण, आधीच व्यायाम करणाऱ्या विद्यार्थ्यांवर, जागच्या सायकलवर, अतिशय कडक वेगाने केलेला होता. पंचेचाळीस वर्षांच्या, बैठ्या कामाच्या माणसाने चार मिनिटांत वजन उतरेल या आशेने तो करू नये. आधी तीन महिने साधे चालणे-पळणे होऊ द्या.

एका वेळी एकच नवी गोष्ट. नवे बूट, नवा वेग आणि जिना एकाच आठवड्यात सुरू केले तर दुखणे कशाने आले तेच कळत नाही. दोन्ही पाय सारखे अंबले असतील तर ते चालायचेच. एकाच जागी, बोट ठेवून दाखवता येईल असे दुखत असेल आणि पळताना वाढत असेल, तर थांबा. छातीत दाब, जबड्याकडे किंवा हाताकडे जाणारी कळ, पळताना डोळ्यांपुढे अंधारी, यांत “उद्या पाहू” नको. त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. घरात कोणी तरुण वयात हृदयविकाराने अचानक गेले असेल, किंवा तुम्हाला शुगर-बीपी असेल, तर सुरू करण्याआधीच तपासून घ्या.

बायकांसाठी आणखी एक. थोडे पळताच जीव वरखाली होतो, आठवडे गेले तरी सुधारणा नाही, अशी तक्रार मी नेहमी ऐकते. लोक म्हणतात, तुझ्यात दमच नाही. दोष अनेकदा रक्तात असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगात रक्त कमी आढळले. हिमोग्लोबिन तपासणे महापालिकेच्या दवाखान्यातही होते. ते ८-९ वर असेल तर आधी डॉक्टरांना दाखवून उपचार घ्या, व्यायाम म्हणून सध्या चालणेच ठेवा.

आणि जे बारा-बारा तास उभ्याने ड्यूटी करतात, त्यांनी रात्रपाळी संपवून लगेच पळायला जाऊ नये. झोप झालेली नसताना पाय वेडेवाकडे पडतात आणि मुरगळतात. आधी झोपा. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांसाठी आठवड्याला १५० मिनिटे मध्यम व्यायाम सांगते. भरभर चालत बसथांबा गाठणे त्यात धरले जाते. सुट्टीच्या दिवशी अर्धा तास पळणे-चालणे केले तरी सुरुवात झाली.

खराडीत जागोजागी बांधकामे चालू आहेत. डंपर सुरू होण्याआधी, सहा-साडेसहापर्यंत, पळून घ्यावे. नंतर धूळ छातीत जाते. रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी गाडी दिसेल असे पळा. कानात गाणी घालू नका.

स्वयंसेवक व्हायचे असेल तर शर्यतीच्या दोन-तीन आठवडे आधी आयोजकांकडे नाव द्यावे लागते. अठराखालच्या मुलांना बहुधा पालकांची संमती मागतात. पहाटे साडेचारला पोहोचायचे असते, म्हणून येण्याजाण्याची सोय आधी ठरवा आणि बायकांनी दोघी-तिघी मिळून जा. अंगात स्वेटर, पायात बंद बूट, पिशवीत टॉवेल, कारण कोपरापर्यंत पाणी उडते. शेवटचा धावणारा जाईपर्यंत टेबल उचलू देऊ नका. आयोजकांची माणसे घाई करतात, गाडी भरायची असते. तरी दहा-बारा पेले भरून बाजूला ठेवा. रुग्णवाहिकेच्या पुढे चालत येणाऱ्या त्या शेवटच्या माणसाला पाण्याची गरज इतरांहून कमी नसते, आणि तोवर ऊन वर आलेले असते.