काचेच्या दाराचा भार

पुण्याच्या पेठांतील जुन्या दुकानांना दार असे नव्हतेच म्हटले तरी चालेल. वरच्या आणि खालच्या खाचांत एकामागून एक सरकवलेल्या, क्रमांक घातलेल्या लाकडी फळ्या सकाळी काढायच्या आणि रात्री पुन्हा बसवायच्या, एवढाच काय तो बंदोबस्त असे. फळ्यांची जागा पुढे लोखंडी शटरने घेतली. आणि आता त्या शटरच्या आत, दुकानाचा दर्शनी भाग भिंतीपासून भिंतीपर्यंत मोकळा करता यावा म्हणून, घडीची काचदारे बसवण्याकडे व्यापारी वर्गाचा कल होऊ लागला आहे.

मुठीच्या सोनेरी मुलाम्यावर तासभर घासाघीस करणारे गृहस्थ ज्या तुळईला हे दार टांगायचे तिच्याविषयी अवाक्षरही काढत नाहीत, हे मात्र नवल होय. 12 मिलिमीटर जाडीची काच दर चौरस मीटरला 30 किलो भरते. तेव्हा 90 सेंटिमीटर रुंद आणि 270 सेंटिमीटर उंच अशी एक झडप सुमारे 73 किलोंची, आणि सहा झडपांचे दार, बिजागऱ्या व रोलर वगळूनही, 437 किलोंच्या घरात जाते. वरून टांगलेल्या दारात हा सारा भार तुळईवर पडतो, खालचा ट्रॅक केवळ वाट दाखवतो. शिवाय हा भार स्थिर नव्हे: दार उघडताना तो गाळ्याच्या मध्यावरून सरकतो आणि पूर्ण उघडल्यावर एका कडेला हातभर जागेत गोळा होतो. तुळई चार-पाच मिलिमीटर जरी वाकली, तरी झडप खाली घासू लागते. म्हणून जुन्या वाड्याच्या लाकडी तुळईवर भिस्त न ठेवता स्वतंत्र लोखंडी गर्डर आणि त्याला खांब, अशी तजवीज करणेच श्रेयस्कर.

मापाच्या बाबतीत तर या दारांची टफन काच क्षमा करीत नाही. टफन काच म्हणजे 620 अंश सेल्सियसच्या आसपास तापवून हवेच्या झोतांनी एकाएकी निववलेली काच. तिचा पृष्ठभाग आवळलेला आणि गाभा ताणलेला राहतो, म्हणून ती साध्या काचेच्या चार-पाच पट बळकट होते, परंतु त्याच कारणास्तव नंतर तिला छिद्र पाडू गेल्यास तिचा चुरा होतो. बिजागरी आणि कुलुपाची छिद्रे कारखान्यात आधीच पाडावी लागतात. सबब लादी बसून गर्डर चढल्यावाचून मापे घेऊ नयेत. रुंदी वर, मध्ये व खाली अशी तीन ठिकाणी मोजून सर्वांत कमी ती धरावी, ओळंबा लावावा, आणि दोन्ही कर्ण जुळतात की नाही हे पाहावे.

उरतो पाऊस. उंबरठा उंच ठेवावा तर वृद्धांना अडखळण होते, जमिनीच्या पातळीत घ्यावा तर वाऱ्याने झोडपलेले पाणी आत शिरते. यातला मार्ग असा की, ट्रॅक लादीच्या पातळीत बसवावा, त्याच्याखाली निचऱ्याची पन्हळ काढावी आणि बाहेरच्या फरशीला रस्त्याकडे उतार द्यावा. ही पन्हळ मृगापूर्वी साफ केली नाही, तर मात्र सारी योजना निष्फळ ठरते. नजरेच्या उंचीवर एक धूसर पट्टा उमटवण्याचा खर्च किरकोळ आहे, पण त्यावाचून मिटलेल्या काचेवर कोणी ना कोणी आदळल्याखेरीज राहत नाही.

दुकानदारांना विनंती एवढीच की, काचेची आगाऊ रक्कम देण्यापूर्वी एखाद्या स्ट्रक्चरल इंजिनिअरला ती तुळई दाखवावी.