एवढ्याशा भुरभुरीने लाइट का जाते?

मे संपत आलेला. वरसेला मावशीकडे होतो, फोन १२ टक्क्यांवर, आणि नुसती भुरभुर सुरू झाली तोच लाइट गेली. वारा नाही, कुठे झाड पडलेलं नाही. "एवढ्याशा पावसाने?" असं आपण वैतागून म्हणतो. पण काही वेळा एवढासाच पाऊस जास्त त्रास देतो.

खांबावर तार ज्याच्यावर टेकते तो चिनीमातीचा, कडाकडांचा तुकडा म्हणजे इन्सुलेटर. करंट खांबात उतरू नये हे त्याचं काम. पावसाळा संपला की त्यावर महिनोन्‌महिने धूळ साचते. वरसेच्या बाजूलाच धाटाव एमआयडीसी, म्हणजे केमिकलचे कारखाने. अशा ठिकाणी थरात नुसती माती नसते, क्षारही असतात. थर कोरडा असेपर्यंत काही बिघडत नाही. दव किंवा भुरभुर पडली की क्षार विरघळतात आणि थरातून थोडा थोडा करंट वाहू लागतो. त्याने थर तापतो, मधले काही पट्टे सुकतात, सगळं व्होल्टेज त्या सुक्या पट्ट्यांवर येतं आणि ठिणगी उडते. ठिणग्या एकमेकींना जाऊन मिळाल्या की फ्लॅशओव्हर, फीडर ट्रिप! धो धो पाऊस उलट थर धुऊन काढतो.

मग साफसफाई कधी करायची? "दरवर्षी मे महिन्यात" हा आमच्या भाषेत क्रॉन जॉब झाला: तारीख आली की चालतो, गरज असो वा नसो. डिसेंबरातलं दव मेची वाट बघत नाही. त्यापेक्षा नमुन्याचा एक इन्सुलेटर ठराविक दिवसांनी ओल्या कापसाने पुसायचा, तो मळ शुद्ध पाण्यात कालवायचा, पाण्याची कंडक्टिव्हिटी मोजायची. दर चौरस सेंटिमीटरला किती मिलिग्रॅम मिठाइतका थर बसलाय ते कळतं. याला ईएसडीडी म्हणतात. थर किती वेगाने वाढतोय हे दिसलं की कारखान्याकडचे खांब आधी धुवायचे की गावातले, हे आपोआप ठरतं.

धुणं परवडत नसेल तर इन्सुलेटरच बदलावा लागतो. आयईसीच्या जुन्या वर्गवारीत हलक्या प्रदूषणाला दर केव्हीमागे १६ मिमी पृष्ठभाग-अंतर पुरतं, अतितीव्र प्रदूषणाला ३१ लागतं. २२ केव्हीच्या लाइनला कमाल २४ केव्ही धरतात, म्हणजे ३८४ ऐवजी ७४४ मिमी. जवळजवळ दुप्पट! सिलिकॉनच्या इन्सुलेटरवर पाणी पसरत नाही, थेंबच राहतात, म्हणून तो बराच टिकाव धरतो. तरी त्याचीही तपासणी लागतेच.

दवाच्या रात्री खांबावर चर्र आवाज किंवा निळसर ठिणगी दिसली तर जवळ जाऊ नका. लांबूनच खांबाची जागा बघून १९१२ वर कळवा, आणि तेव्हा दव होतं, धुकं होतं की भुरभुर, तेही सांगा.