सोळाच्या सोळा, दोन्हीकडे

अकरावीच्या प्रयोगशाळेत कांद्याच्या मुळाचं टोक ॲसिटोकार्मिनमध्ये रंगवून काचपट्टीवर दाबतात. टोक म्हणजे अगदी दोन-तीन मिलिमीटर; जरा वरचा तुकडा घेतला तर विभाजन दिसणारच नाही, कारण मूळ सगळीकडून वाढत नाही. सूक्ष्मदर्शकातून पाहिलं की मुलं हिरमुसतात. पुस्तकातल्या चार अवस्था मोजक्याच पेशींत, बाकी नुसती गोल केंद्रकं. ‘या पेशी विश्रांती घेतायत,’ असं सांगितलं जातं. ते खरं नाही. विभाजनातलं सर्वांत मोठं काम याच काळात होतं: पेशी आपल्या संपूर्ण डीएनएची प्रत काढते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी पेशीचं चक्र साधारण 24 तासांचं असतं. त्यात प्रत्यक्ष सूत्री विभाजनाला जेमतेम तासभर लागतो.

ही प्रत लक्षात घेतली नाही की पुढची चूक ठरलेली: एका पेशीच्या दोन झाल्या, म्हणजे 46 गुणसूत्रं 23-23 वाटली गेली. तसं अर्धसूत्री विभाजनात होतं, बीजपेशी तयार होताना. सूत्री विभाजनात प्रत्येक गुणसूत्र आधीच दुहेरी झालेलं असतं. पश्चावस्थेत त्याचे दोन जुळे धागे विलग होऊन विरुद्ध टोकांकडे खेचले जातात. माणसाच्या दोन्ही पेशींना 46, कांद्याच्या दोन्ही पेशींना 16. धागे असे उभे चिरले जातात हे वाल्थर फ्लेमिंगने सॅलमँडरच्या डिंभकांत पाहिलं आणि 1882 च्या ग्रंथात सविस्तर मांडलं.

अवस्था चार असल्या तरी त्या चार पायऱ्या नव्हेत, प्रवाह सलग असतो. एक थांबा मात्र खरा आहे. एक जरी गुणसूत्र त्याला खेचणाऱ्या तर्कुतंतूंना नीट जोडलं गेलं नसेल, तर पेशी मध्यावस्थेतच थबकते.

वनस्पती आणि प्राणी यांत फरक पडतो तो मुख्यतः शेवटी. प्राणिपेशी बाहेरून आत आवळत जाते. वनस्पतिपेशीला कडक भित्तिका असते, म्हणून नवी भिंत मध्यभागी सुरू होऊन कडांकडे वाढते. वनस्पतींची तर्कू तारककेंद्राशिवायही बनते.

आणि केंद्रक विभागलं म्हणजे पेशी विभागलीच, असंही नाही. कोवळ्या शहाळ्यात केंद्रकं विभागत राहतात, पण मध्ये भिंती पडत नाहीत; पाण्यात ती मोकळीच असतात. पुढे कडेला भिंती तयार होऊ लागतात, आणि तिथे मलई धरते.