चिलटाची शिदोरी

पुणे-सोलापूर रस्त्याने पाटसच्या बाजूला गेलात की उन्हाळ्यात रसवंतीगृहे दिसतात. उसाचे चिपाड पडले की त्यावर चिलटे जमलीच म्हणून समजा. पिकल्या केळ्यावर येतात तीच ही चिलटे. आंबा-पेरू किडवणारी फळमाशी निराळी. आपण त्यांना हाताने हाकलतो आणि विसरतो. पण विचार करून पाहा. दौंड तालुक्यातल्या कोरड्या उन्हात धडधाकट माणूस कासावीस होतो, मग जेमतेम एक मिलिग्रॅम वजनाचा हा जीव वाळून कसा जात नाही?

खरे तर त्यालाच धोका जास्त. रुमाल लगेच वाळतो, घोंगडी सावकाश वाळते. तसेच लहान देहातले पाणी लवकर उडते. म्हणून चिलटाच्या अंगावर मेणासारखा पातळ थर असतो. श्वासाची छिद्रे ते गरजेपुरतीच उघडते. रोहतकच्या महर्षी दयानंद विद्यापीठातील संशोधकांना असे आढळले, की डोंगराळ भागातील गडद रंगाच्या चिलटांच्या अंगातून पाणी कमी उडते.

दुसरा आधार अंगातल्या साठ्याचा. अमेरिकेत कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या आयर्व्हाइन येथील प्रयोगशाळेत चिलटे अन्नपाण्याविना कोरड्या हवेत ठेवली. जी तगली त्यांचीच पैदास पिढ्यान् पिढ्या केली. या वंशाच्या रक्तात कितीतरी जास्त पाणी साठू लागले आणि अंगात ग्लायकोजेन, म्हणजे साखरेचा साठा, वाढला. हा साठा आपल्याबरोबर पाणी धरून ठेवतो आणि खर्च होताना ते मोकळे करतो. याउलट, पाणी देऊन फक्त उपाशी ठेवलेल्या चिलटांच्या वंशात चरबी वाढली. म्हणजे भुकेची शिदोरी वेगळी, तहानेची वेगळी.

आपल्यासाठी बोध इथेच आहे. "अंगात चरबी आहे, दुपारभर पाणी नसले तरी चालेल," हा समज खोटा. शिवाय चिलटाला घाम येत नाही. आपल्याला अंग थंड ठेवायला घाम गाळावाच लागतो. ऊसतोडीला, बांधकामावर किंवा भट्टीपुढे राबणाऱ्या माणसाच्या अंगातून तासाला एक लिटरपर्यंत पाणी जाऊ शकते. तेव्हा तहान लागण्याची वाट न पाहता थोडे थोडे पाणी पीत राहावे. मुकादमाने कामावर पाणी आणि सावली ठेवलीच पाहिजे, हे सांगायला संकोच करू नये.

आयाबहिणींनो, जुलाब-उलट्या झालेले मूल तर फार लवकर सुकते. एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाचे सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवून घोट घोट पाजा. आतड्यात साखर मिठाला आणि पाण्याला सोबत आत ओढून नेते. अंगावरचे दूध बंद करू नका. डोळे खोल गेले, रडताना पाणी येईना, लघवी थांबली किंवा मूल सुस्त पडले, तर क्षणभरही न थांबता दवाखाना गाठा.